घरालगतचे गॅरेज, उतरलेली बॅटरी आणि रात्रभरचे चार्जिंग

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूस आमचा जुना बंगला आहे. त्याचे गॅरेज दहा फूट रुंद आणि अठरा फूट खोल. पुढे लोखंडी शटर, मागे स्वयंपाकघरात उघडणारे लाकडी दार आणि डोक्यावर आईची झोपण्याची खोली. गेली आठ वर्षे तिथे एक पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक उभी असते. मी निवृत्त झाल्यापासून ती आठवड्यातून एकदा भाजी आणण्यापुरती निघते, आणि बहुधा त्यामुळेच या पावसाळ्यात तिची बॅटरी तीनदा उतरली. किल्ली फिरवली की आधी नुसते टक-टक-टक, मग तेही नाही. मी बाजारातून एक चार्जर आणून ठेवला आहे आणि गरज पडली की तो रात्रभर लावून ठेवतो.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात इन्व्हर्टर आणि त्याची मोठी ट्युब्युलर बॅटरी आहे. रंगकामातून उरलेले डबे, अर्धा कॅन थिनर आणि दोन वर्षांची रद्दी हा ऐवज प्रत्येकाच्या घरी असतो, तसा आमच्याकडेही आहे. त्यात आता मुलाने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. तिची बॅटरी काढता येते. तो संध्याकाळी कंपनीतून आला की ती गरम असतानाच काढतो, स्वयंपाकघराच्या दारालगतच्या बोर्डावर लावतो आणि सकाळी निघताना काढतो.

परवा आईने विचारले, "माझ्या पलंगाखाली तुम्ही नक्की काय काय पेटतं ठेवलंय?" मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हा धागा. गाडीच्या बॅटरीची रोजची निगा कशी राखावी आणि या तीन तऱ्हेच्या बॅटऱ्या एकाच बंद खोलीत चार्ज करणे कितपत सुरक्षित आहे, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

खटपट्या

आपण याला गॅरेज म्हणता? हे तर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचे उपकेंद्र दिसते. बाकीचे जाणकार येईपर्यंत आईंची खोली तेवढी बदला.

जुना पाना

साताऱ्याला माझे स्वतःचे गॅरेज आहे आणि तिसाव्या वर्षीही मला सगळ्यांत जास्त काम हीच उतरलेली बॅटरी देते. आपल्या तीन बॅटऱ्यांपैकी गाडीची आणि इन्व्हर्टरची या दोन शिसे-आम्लाच्या आहेत, त्यांच्यापुरते लिहितो. स्कूटरची लिथियमची, ती जात वेगळी.

गाडीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावला, तर चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. १२.२ दिसला तर ती निम्म्यावर आलेली आहे आणि १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन चालू असताना तोच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असला म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर आपले काम करतो आहे. मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. तो विकत घेण्याआधीच लोक नवी बॅटरी विकत घेतात, याची मला मौज वाटते, आणि थोडा फायदाही होतो.

बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि मग ती कितीही चार्ज केली तरी पूर्वीइतकी भरत नाही. भाजी आणण्याच्या दोन किलोमीटरच्या फेरीत गाडी चालू करताना स्टार्टरने घेतलेलेसुद्धा भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा तास चालवावी. जागेवर उभी करून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याने पेट्रोल जाते आणि बॅटरीला फारसे काही मिळत नाही. शिवाय शटर बंद ठेवून इंजिन चालवण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका, कारण त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास असतो.

आता आगीचा विषय. शिसे-आम्लाची बॅटरी भरत आली की तिच्यातल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडू लागतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी तो ठिणगीने पेट घेऊ शकतो. तो हवेपेक्षा फार हलका असल्याने छताशी जाऊन साठतो. म्हणून शटर खालून वीतभर उघडे ठेवल्याने काम भागत नाही, वर छताजवळ झरोका हवा. आपला बाजारातला चार्जर जुन्या पद्धतीचा, नुसता ट्रान्सफॉर्मरवाला असेल, तर बॅटरी भरल्यावरही तो रात्रभर करंट ढकलत राहतो. गॅरेजमध्ये सडक्या अंड्यासारखा वास आला तर बॅटरीवर अतिरेक झालेला आहे असे समजून आधी भिंतीवरचे बटण बंद करावे, दार उघडावे आणि चिमटे त्यानंतर काढावेत. लावतानाही आधी चिमटे, मग बटण. ठिणगी पडायचीच असेल तर ती बॅटरीच्या डोक्यावर पडू नये, एवढाच त्यातला हेतू आहे.

मीनाक्षी_पुणे

जुना पाना, आपला प्रतिसाद फार उपयोगी आहे. माझ्या गाडीची बॅटरी 'मेंटेनन्स फ्री' असून तिच्यावर एक छोटा गोल डोळा आहे. तो हिरवा दिसतो म्हणून मी निश्चिंत होते आणि तरीही सोमवारी सकाळी, मुलीची परीक्षा असताना, गाडी चालू झाली नाही. तो डोळा खोटे बोलतो का?

दुसरे असे की टर्मिनलवर पांढरट हिरवी पूड साचली आहे. सोसायटीच्या वॉचमनने तिच्यावर कोला ओतायला सांगितले. ओतू का?

जुना पाना

ताई, डोळा खोटे बोलत नाही, परंतु तो सहा कप्प्यांपैकी एकाच कप्प्याची साक्ष देतो. उरलेल्या पाचांपैकी एखादा कप्पा बसला असेल, तर त्याला त्याची खबर नसते.

कोला ओतू नका. पूड जाईल, परंतु साखरेचा चिकट थर मागे राहील आणि त्यावर मुंग्या येतील. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. फसफसायचे थांबले की साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसा, टर्मिनल घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. ते पाणी कप्प्यांत जाऊ देऊ नका आणि ती पूड हाताला लागू देऊ नका. ढिले टर्मिनल हा केवळ गाडी चालू न होण्याचा विषय नाही. तिथे सांधा तापतो आणि ठिणग्या पडतात.

टर्मिनल सोडवताना आधी काळे, म्हणजे ऋण, आणि जोडताना ते शेवटी. कारण समजले की हा क्रम पाठ करावा लागत नाही. गाडीचे सारे धड ऋण टोकाला जोडलेले असते. काळे जोडलेले असताना आपण दहा नंबरचा पाना घेऊन लाल टर्मिनल सोडवू लागलो आणि पान्याचे दुसरे टोक बोनेटच्या पत्र्याला टेकले, की थेट शॉर्ट होतो. माझ्याकडे एक पोरगा कामाला होता. त्याच्या हातातला पाना असाच चिकटला आणि दोन-तीन सेकंदांत लाल झाला. त्याने हात सोडला म्हणून बोटे वाचली. तो पाना मी दुकानात खिळ्याला टांगून ठेवला आहे, त्याच्या एका टोकाला वितळून आलेली खाच आजही दिसते. तेव्हापासून माझ्याकडे बॅटरीला हात लावण्याआधी अंगठी, कडे आणि घड्याळ काढून खिशात ठेवावे लागते.

सह्यकडा

चर्चा उत्तम चालली आहे, तथापि धाग्याचा कल 'इलेक्ट्रिक गाडी म्हणजे बॉम्ब' या दिशेला जाण्याआधीच माझी हरकत नोंदवून ठेवतो. मी तीन वर्षे इलेक्ट्रिक कार वापरतो आहे. पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्या रोज कुठे ना कुठे पेटत असतात आणि त्याची कोणी चित्रफीत पाठवत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या लूटन विमानतळाच्या बहुमजली वाहनतळात आग लागून चौदाशेहून अधिक गाड्या जळाल्या. त्याच रात्री आमच्या कौटुंबिक समूहावर 'बघा, इलेक्ट्रिक गाडीचा प्रताप' असे संदेश फिरू लागले. आग लागली होती ती एका डिझेल गाडीला. ही दुरुस्ती मात्र एकाही काकांनी पुढे पाठवली नाही.

धागाकर्त्यांच्या गॅरेजमध्ये मला सगळ्यांत घातक वाटतो तो थिनरचा अर्धा कॅन. अर्धा कॅन म्हणजे उरलेल्या अर्ध्यात वाफ.

खटपट्या

काकांच्या वतीने क्षमस्व. मी तो संदेश तीन समूहांवर पाठवला होता.

जर्सीवासी

न्यू जर्सीत आमचे गॅरेज घरालाच चिकटलेले आहे आणि वर शयनगृह आहे, म्हणजे धागाकर्त्यांसारखीच स्थिती. सह्यकडा यांचे म्हणणे प्रमाणाच्या दृष्टीने मान्य आहे. तरी आगी किती लागतात हा एक प्रश्न झाला आणि लागलेली आग कशी वागते हा दुसरा. आमच्याकडे शेव्हरोले बोल्ट ही इलेक्ट्रिक कार होती. २०२१ च्या ऑगस्टपर्यंत त्या मॉडेलच्या सर्वच्या सर्व गाड्या बॅटरीतील दोषामुळे परत बोलावण्यात आल्या. बॅटरी बदलून मिळेपर्यंत कंपनीचीच सूचना होती की गाडी चार्ज झाल्यावर घराबाहेर उभी करावी आणि रात्रभर घरात चार्जिंगला लावू नये. आम्ही कित्येक महिने गॅरेज रिकामे ठेवून गाडी अंगणात, बर्फात उभी करत होतो. शेजारी विचारत, "गॅरेजमध्ये काय ठेवलंय?" आम्ही सांगत असू, "लोणच्याच्या बरण्या."

पलीकडे न्यू यॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांच्या आगींत अठरा माणसे गेली. त्यांत बहुतेक ई-बाइक आणि ई-स्कूटर, त्याही सदनिकांत चार्ज होणाऱ्या. कारची बॅटरी गाडीच्या पोटात, पोलादी कवचात, शीतकरण व्यवस्थेसह बसवलेली असते. स्वस्तातल्या दुचाकीची बॅटरी जमिनीवर आपटते, पावसात भिजते आणि भलत्याच चार्जरला लावली जाते. सह्यकडांच्या कारची ग्वाही मुलाच्या स्कूटरला लागू होत नाही.

बंबवाला

अग्निशमन दलात माझी अठ्ठावीस वर्षे गेली आणि आता निवृत्त आहे. धागाकर्त्यांच्या लेखातले एकच वाक्य मला खटकले: "स्वयंपाकघराच्या दारालगतच्या बोर्डावर लावतो."

आग लागेल की नाही, याची चर्चा आपण रात्रभर करू शकतो. माझा प्रश्न असा की, ती त्या बोर्डाखाली लागली तर आपण बाहेर कुठून पडणार? बॅटरी पेटेल तिथून तीन फुटांवर लाकडी दार, दारापलीकडे स्वयंपाकघरात गॅसचा सिलिंडर आणि वर झोपलेल्या वृद्ध आई. ते दार जळायला लागणारा वेळ हाच आपल्या कुटुंबाकडे असलेला वेळ. आणि माणूस बहुधा ज्वाळांनी मरत नाही, त्याआधी धूर त्याला गाठतो. मार्च २०२२ मध्ये वेल्लोरला घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला रात्री आग लागली, त्यात वडील आणि मुलगी धुराने गुदमरून गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या वसईत खोलीत चार्ज होत असलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. तो घरातच झोपलेला होता.

लिथियमच्या बॅटरीतला एक सेल बिघडून तापला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला तापवते, तो त्याच्या शेजाऱ्याला, आणि ही माळ एकदा सुरू झाली की बाहेरून चार्जर काढल्याने ती थांबत नाही. आधी एक फुसकारा ऐकू येतो आणि पांढरा-करडा दाट धूर सुटतो. त्या धुरात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असे पेटणारे आणि विषारी वायू असतात. पुष्कळ जण त्याला पाण्याची वाफ समजून वाकून बघतात. वाकू नये. बॅटरी उचलून बाहेर फेकण्याचे धाडसही करू नये. जाता जाता मेन स्विच हाताशी असेल तर पाडावा, दार मागे ओढून घ्यावे, सर्वांना बाहेर काढावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करताना 'लिथियम बॅटरी' हे शब्द आवर्जून सांगावेत, म्हणजे येणारी माणसे श्वसनयंत्रे चढवूनच आत शिरतील.

सह्यकडा

बंबवाला साहेब, मार्ग अडण्याचा मुद्दा शंभर टक्के पटला, मी कारच्या नादात तो पाहिलाच नव्हता. एक शंका आहे. मी गॅरेजमध्ये चार किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक ठेवला आहे. तो पुरेसा नाही का? आणि विजेच्या वस्तूवर पाणी मारू नये, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, त्याचे काय?

बंबवाला

अग्निशामक अवश्य ठेवा, परंतु तो कशासाठी आहे हे ओळखून ठेवा. रद्दी, थिनर, वायर, सीटचे कापड यांची सुरुवातीची आग पावडरने नक्की विझते आणि गॅरेजमधल्या बहुतेक आगी त्याच असतात. लिथियम बॅटरीवर पावडर मारली तर ज्वाळा क्षणभर बसतात, परंतु आतली उष्णता तशीच राहते आणि ती पुन्हा भडकते. तिला थंड करावे लागते आणि थंड करायला पाण्यासारखे दुसरे काही नाही. म्हणूनच कारच्या बॅटरीवर दल हजारो लिटर पाणी मारते. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही पुन्हा पेटते, म्हणून ती इमारतीपासून दूर मोकळ्यावर ठेवतात. भिंतीतला वीजपुरवठा चालू असताना बोर्डावर पाणी मारू नये हा शाळेतला धडा बरोबरच आहे. घरातल्या माणसाने बादली घेऊन त्या धुरात शिरू नये, हा माझा धडा.

अग्निशामक बॅटरीच्या बाजूला टांगू नका. तो बाहेर पडण्याच्या वाटेवर हवा आणि त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे महिन्यातून एकदा बघा. मी किती घरांत तो काटा लाल पट्ट्यात आणि नळीत कोळ्याचे जाळे पाहिले आहे, ते विचारू नका.

तारजोड

मी वीजजोडणीची कामे घेतो. आतापर्यंत सगळे बॅटरीवरच बोलत आहेत, प्रत्यक्षात मला चार्जिंगच्या तक्रारींत बॅटरी क्वचित आणि सॉकेट वारंवार दिसतो.

स्कूटरचा चार्जर फार करंट घेत नाही, परंतु कारसोबत येणारा साधा चार्जर तीन किलोवॉटच्या पुढचा असतो, म्हणजे सतत १३-१४ अँपिअर, सहा-सात तास. आपल्याकडचा गीझरचा पॉइंट तेवढा करंट पंधरा मिनिटे देतो आणि थांबतो. रात्रभर देण्याची त्याला सवय नसते. माझ्या एका ग्राहकाने फोन केला की गाडी पहाटे चार्जिंग थांबवते. मी प्लग ओढला तर तो सॉकेटमधून सुटेना. सुटला तेव्हा एक पिन तपकिरी पडलेली, शेजारचे प्लास्टिक मऊ होऊन वाहिलेले आणि बोर्डामागच्या वायरचे आवरण बोट लावताच भुगा होऊन गळाले. आत स्क्रू अर्धा फेरा ढिला होता. एवढेच.

कारसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढावी, तिला तिची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असावी आणि अर्थिंग खरोखरचे असावे. जुन्या बंगल्यांत तिसऱ्या भोकात वायरच नसते, ते नुसते शोभेचे असते. एक्स्टेन्शन बोर्ड वापरूच नये, आणि गुंडाळलेली एक्स्टेन्शन तर मुळीच नाही, कारण वेटोळ्यात ती जास्त तापते. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हाताची पाठ लावून बघा. कोमट चालेल. हात काढून घ्यावासा वाटला, तर मला नाही तरी कोणाला तरी बोलवा.

मीनाक्षी_पुणे

हा प्रतिसाद वाचून मी उठून गीझरचा प्लग बघून आले. काळा आहे. धन्यवाद, आणि आजची झोप गेली.

कुडाळचा_दादा

थोडे विषयाच्या कडेने लिहितो. आमच्याकडे कोकणात गॅरेजमधला खरा शत्रू उंदीर. पावसात त्याला उबदार जागा म्हणजे बोनेटखालचे इंजिन. तो तिथे वाळके गवत आणि कापसाचे बोळे आणून घर करतो आणि वायरीही कुरतडतो, म्हणजे काडी आणि काडेपेटी दोन्ही त्याचीच. लोक तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधतात, डांबराच्या गोळ्या टाकतात. माझा अनुभव असा की उंदीर पंधरा दिवसांत तंबाखूला सरावतो. गाडीत सांडलेला खाऊ झाडणे आणि आठवड्यातून दोनदा बोनेट उघडून बघणे, एवढ्याचाच मला उपयोग झाला. बोनेट रात्री थोडे उघडे ठेवले की अंधाराअभावी तो येत नाही, असेही म्हणतात, पण मग मांजर येते.

दुसरी गोष्ट दसऱ्याची. आमचे मामा दरवर्षी बोनेट उघडून बॅटरीलाही हळदकुंकू वाहतात आणि निरांजन थेट तिच्यावर ओवाळतात. जुना पाना यांचे हायड्रोजनचे लिखाण वाचल्यावर माझ्या अंगावर काटा आला, कारण गेल्या वर्षी गाडी आदल्या रात्रभर चार्जरला लावलेली होती.

जुना पाना

मामांना सांगा, पूजा शटरबाहेर, बोनेट लावून, चार्जर काढून झाल्यावर करावी. झेंडूचा हार बाहेरून घाला, गरम इंजिनावर टाकू नका. इंजिनावर विसरलेले पुसायचे फडके हे पेटण्याचे फार साधे कारण आहे, आणि वाळलेला हार त्याचाच भाऊ.

सीएनजीवाल्यांसाठीही एक ओळ. बंद गॅरेज उघडल्यावर गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये, चालू असलेले बंदही करू नये. शटर पूर्ण उघडून बाहेर थांबावे. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो आणि वरच्या झरोक्यातून निघून जातो. एलपीजी जड असतो आणि जमिनीवर पसरून राहतो, म्हणून त्याला खालूनच वाट द्यावी लागते. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी पंपावर अडवतात म्हणून नव्हे, सिलिंडर सीटमागे आहे म्हणून करावी.

जर्सीवासी

स्कूटरविषयी एक विचारायचे राहिले. भारतात २०२२ च्या आगींनंतर बॅटरीचे नियम कडक झाले असे वाचले होते. धागाकर्त्यांची स्कूटर त्यानंतरची आहे का?

सह्यकडा

याचे उत्तर मी देतो. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला भररस्त्यात एक स्कूटर जळाली. एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमध्ये चढवलेल्या चाळीसपैकी वीस स्कूटर जळाल्या. त्यानंतर इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटरीच्या सुरक्षिततेचे जे एआयएस-१५६ हे मानक आहे, त्यात दुरुस्ती झाली आणि ती दोन टप्प्यांत लागू झाली, पहिला १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. स्कूटरवरच्या माहितीच्या पट्टीवर निर्मितीचा महिना लिहिलेला असतो, तो बघावा. जुन्या स्कूटरला बाहेरच्या दुकानात 'रिपेअर' करून सेल बदललेली बॅटरी बसवली असेल, तर त्या मानकाचा काही उपयोग राहत नाही. आत कोणते सेल भरले, हे भरणाऱ्यालाच माहीत.

सेलचा प्रकारही विचारून घ्या. एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेटचे सेल एनएमसीपेक्षा (निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलपेक्षा) बरेच जास्त तापमान सहन करतात आणि बिघडले तरी तेवढे उग्र होत नाहीत. पेटतच नाहीत असे मात्र विक्रेत्याने सांगितले, तर दुसऱ्या दुकानात जा.

गोदाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण नुसते वाचून उत्तर देण्याऐवजी काही करून मग लिहावे असे ठरवले.

स्कूटर मे २०२३ मधली, एलएफपीची आहे. मुलगा आता घरी आल्यावर बॅटरी तासभर निवू देतो. तारजोड यांच्या सांगण्याप्रमाणे एका वायरमनकडून मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या दगडी भिंतीला, पत्र्याच्या छपराखाली स्वतंत्र पॉइंट काढून घेतला. बॅटरी तिथे शहाबादी फरशीवर असते, आजूबाजूला जळण्यासारखे काही नाही. चार्जिंग संध्याकाळी साडेसातला सुरू होते आणि आम्ही झोपण्याआधी संपते. वायरमनने जुना बोर्ड उघडला तेव्हा अर्थिंगच्या भोकात खरोखरच वायर नव्हती. १९८८ पासून नव्हती.

थिनर आणि रद्दी गेली. इन्व्हर्टर तिथेच आहे, परंतु त्याच्या वर छताशी नऊ इंचांचा झरोका फोडून जाळी बसवली. कारच्या बॅटरीवर सकाळी १२.१ व्होल्ट आले. ओळखीच्या मेकॅनिकने सगळी फ्यूज एकेक काढून मीटर लावला, तेव्हा समजले की चार वर्षांपूर्वी चोरीच्या धास्तीने बसवलेला जीपीएस ट्रॅकर दिवसरात्र बॅटरी पीत होता. त्याचे सिमकार्ड केव्हाच बंद पडले आहे. तो काढून टाकला. आता दर रविवारी त्र्यंबकच्या रस्त्याने अर्धा तास फिरून येतो, आई पुढच्या सीटवर असते.

एक अडचण उरली. गॅरेजमध्ये, स्वयंपाकघराच्या दारावर मी धुराचा अलार्म लावला. पहिल्याच दिवशी मिरचीची फोडणी पडली आणि तो जो ओरडू लागला, तो आईने काठीने पाडेपर्यंत थांबला नाही. कुठे लावावा?

बंबवाला

गॅरेज आणि स्वयंपाकघर या दोन्ही ठिकाणी धुराचा अलार्म टिकत नाही. एकीकडे गाडीचा धूर, दुसरीकडे फोडणी. तिथे उष्णतेवर वाजणारा अलार्म मिळतो, तो छताच्या मध्यावर लावा. धुराचा अलार्म जिन्याच्या माथ्यावर, आईंच्या खोलीच्या दाराबाहेर हलवा. एकमेकांना जोडलेली जोडी मिळाली, तर खालचा वाजताच वरचाही वाजेल. आणि गॅरेजचे लाकडी दार रात्री लावून घेत जा. त्याला आपोआप मिटणारी स्प्रिंग बसवली तर अधिक चांगले.

जुना पाना

ट्रॅकर काढला ते उत्तम. त्याची लाल वायर बॅटरीवरून थेट घेतली होती की फ्यूजमधून, ते मेकॅनिकला विचारा. थेट असेल आणि त्याने टोक नुसते चिकटपट्टी गुंडाळून सोडले असेल, तर ते बॅटरीच्या टर्मिनलपासूनच काढून घ्या.

गोदाकाठ (धागाकर्ता)

थेट होती. चिकटपट्टीच होती. उद्या सकाळी दहा नंबरचा पाना घेऊन बसतो. आधी काळे.

खटपट्या

अंगठी काढून.